मिथुनची अर्धी घासलेली कढई

प्रिय उत्कर्षा,

कराव्याहून आईचा आशीर्वाद. हातात फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसलीय, असं तुला वाटेल. पण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू विचारतेस, "आई, आवाज असा का येतोय?" मग माझं पुढचं सगळं राहून जातं. इथं मला मध्येच कुणी अडवणार नाही. अक्षर लागलं नाही तर तुझ्या माहेरच्या आईकडून वाचून घे, त्यांना माझं अक्षर लागतं.

घरी सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा दुखतो, पण जिने चढायचे काही सोडत नाहीत. गच्चीवर जवळा वाळत टाकलाय आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने पुन्हा नाक मुरडलंय. नेरूळच्या त्या बाई परवा येऊन त्यांचं आप्पेपात्र घेऊन गेल्या. तू बघितलं होतंस ना, धुण्याच्या सोड्यात उकळून कसं काळंठिक्कर करून आणलं होतं? मी चिंचेचं पाणी घालून उकळलं, ओतलं, पुन्हा उकळलं. एकेका खळग्यात बोट घालून घासलं. त्यांनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या वेळी असंच दिसायचं हो." तू असतीस तर त्याचे फोटो काढले असतेस. माझ्या फोटोत माझंच बोट येतं.

मला राहून राहून मिथुनने आणलेलं पहिलं पातेलं आठवतं. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून आणलेलं, तळाला कुणाची तरी खीर जळून दगड झालेली. मी म्हटलं, "घरात भांडी कमी हायत का, लोकांची जळकी आणतोस?" तो हसला. माझा हात धरून त्याने पातेल्याच्या काठावरून फिरवला. "आई, जाडी बघ. हा पत्रा ठोकून केलेला नाही, हे ओतलेलं आहे. असं आता कुणी ओतत नाही." तो अल्युमिनियम म्हणायचा, मी जर्मन म्हणायचे, आणि त्यावरून आमची रोज जुंपायची. नोकरीवरून आला की कपडेसुद्धा न बदलता गच्चीवरच्या शेडमध्ये जायचा. लोखंडाचं काही भांड्याला लागू द्यायचा नाही, लाकडाच्या पट्टीनेच जळकं काढायचं. माझी आमसुलं त्याने त्या भांड्यांपायी किती संपवली!

आणि तू आलीस तीच मुळी तुझ्या आजीचा तवा घेऊन. तो तवा तू न्यायला आलीस की मिथुन म्हणायचा, अजून नीट झाला नाही, पुढच्या आठवड्यात या. असं दोनदा झालं, तेव्हा मी बाबांना म्हटलं, तव्याला काय पन झालेलं नाही, पोराला झालंय. बाबा म्हणाले, "बिल्डिंगमधली पोर आपल्या घरात राहील का?" राहिलीस. बोंबील साफ करताना तोंड फिरवायचीस, पण करायचीस. आमच्यासारखं बोलायला गेलीस की मिथुन जमिनीवर लोळून हसायचा.

तो ताप आला म्हणून दवाखान्यात गेला आणि घरी आलाच नाही. त्याच्याबद्दल याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही. पण त्यानंतरचं एक सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही. दिवसकार्य झाल्यावर माझा भाऊ म्हणाला होता, शेडमधलं सगळं भंगारात देऊन टाकू, बघून त्रास होतो. तू जिन्यात येऊन उभी राहिलीस. नुसती उभी राहिलीस, आणि कुणाची वर जायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून तू मला सून वाटली नाहीस. माझ्या पोटची वाटलीस. पुढं आम्हीच तुला नेरूळला आईकडे पाठवलं, मिथुनशिवाय त्या खोलीत तुला झोप लागत नव्हती म्हणून. पण तुझा रविवार इथलाच राहिला. सकाळी मासळी घेऊन यायचीस, जेवण झालं की आपण दोघी शेडमध्ये. त्याने घेऊन ठेवलेली एकेक वस्तू आपण उजळवली. मला वाटायचं, हे असंच चालेल. म्हाताऱ्या माणसाला असं वाटतं खरं.

गेल्या आठवड्यात तुझ्या आई येऊन गेल्या. तुला न सांगता आल्या, म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. सरोजिनीताई एरवी आल्या की थेट स्वयंपाकघरात शिरतात. त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाहुण्यांसारख्या. चहा निवून गेला. मग म्हणाल्या, "पुतळाताई, एक स्थळ आलंय. नाशिकचा मुलगा आहे, विश्वजित. त्याचं पहिलं लग्न मोडलंय. दोघं भेटलेत, फोनवर बोलतात. तिला आवडलाय हो, मला कळतं. पण लग्नाचं काढलं की नाही म्हणते. नाशिकला गेले तर कराव्याला रविवारी कोण जाणार, म्हणते."

मला राग आला, उत्कर्षा. तुझा नाही, त्यांचा नाही, कुणाचा तेच कळेना. मी म्हटलं, "मी काय तिला बांधून ठेवलीय?" तशा त्या रडायला लागल्या. मग मीच उठून त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर मला मागचा रविवार आठवला. कोलंबी सोलताना किती बडबडत होतीस तू! ऑफिसातलं, शेजारणीचं, सोसायटीच्या लिफ्टचं. तुझ्या मनात काही असलं की तू अशीच बोलतेस. आणि मी बावळट, पोरगी आज खुशीत आहे म्हणून कालवणात खोबरं जास्त घातलं.

बुधवारी विश्वजित आला. त्याने तुला सांगितलं नसेल, मीच सांगू नको म्हटलं. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, मी विश्वजित. उत्कर्षाला न विचारता आलोय. चालेल ना?" मी दाराची कडी धरूनच उभी राहिले. आतून बाबाच म्हणाले, "अगो, पोराला आत घे. उन्हातून आलाय." मी त्याला जेवायला वाढलं. खरं सांगते, वाढता वाढता मी त्याच्यात खोट शोधत होते. बोंबील खाता येत नव्हते, तरी नको म्हणाला नाही, काटे गिळत बसला. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचललं. मग विचारलं, "वर जाऊन बघू का?" शेडमध्ये गेला, भांड्यांना हात लावला नाही. मला म्हणाला, "ती मिथुनबद्दल खूप बोलते. मी ऐकतो. मला काहीच वाटत नाही असं नाही काकू, पण ऐकतो."

हा माणूस वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं. तुला फोन करून सांगितलं असतं, नको गं बाई, त्याच्या डोळ्यांत पानी नाही. पण त्याने खरं तेच सांगितलं. जाताना पाया पडला. गुडघा दुखत असताना बाबा त्याला सीवूड्स स्टेशनपर्यंत सोडायला गेले. परत आले ते माझ्याकडे न बघता गच्चीवर गेले. मी वर गेले तर जवळा पसरत होते, आधीच पसरलेला.

दुसऱ्या दिवशी मी ती कढई काढली. कुठली ते तुला कळलं असेल. मिथुनच्या हातातली शेवटची, एका बाजूने त्याने चकचकीत केलेली, दुसऱ्या बाजूने अजून काळी. काठाकडून तळाकडे त्याच्या पॉलिश पेपरच्या बारीक रेघा, आणि मध्येच जिथं त्याचा हात थांबला ती जागा. इतके दिवस ना तू तिला हात लावलास, ना मी. तू तिची धूळ पुसायचीस आणि होती तिथं ठेवायचीस. मी ती मांडीवर घेतली आणि काळ्या बाजूने घासायला लागले. दोन्ही बाजू एकसारख्या करायच्या तर त्याच्या रेघांवरूनही हात फिरवावा लागतो. फिरवला. आता कुठपर्यंत त्याचं आणि कुठून माझं, ते मलाही सांगता येणार नाही. मला वाटलं होतं, संपल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. मी तिथंच बसून त्याला हाका मारल्या, लहानपणी खाडीवरून जेवायला बोलवायचे तशा. भाडेकरणीने ऐकलं असेल. ऐकू दे. तुला न विचारता केलं, पण तुझ्या हातून ते झालं नसतं, आणि ती तशीच राहिली असती तर तूही तिच्यापाशी अडकून राहिली असतीस.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी बसले ते अजून राहिलंच आहे. येत्या रविवारी इकडे येऊ नकोस. विश्वजितचे आईवडील तुमच्याकडे येतायत, मीच सरोजिनीताईंना त्यांना बोलवायला सांगितलं. हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण आमचं नाव पुढे करून नाही म्हणू नकोस, तेवढं ओझं आमच्या डोक्यावर ठेवू नकोस. त्याच्या पुढच्या रविवारीही येऊ नकोस. लग्न ठरलं तर पत्रिका पाठव, पण आम्ही येणार नाही, त्याचा राग धरू नकोस. तुझं भलं व्हावं म्हणून गावदेवीला रोज हात जोडते, पण तुझ्या गळ्यात दुसऱ्या कुणी हार घातलेला बघवेल, इतकी माझी छाती नाही. तुमचा संसार लागला की दोघं मिळून या, मी जेवायला वाढीन. आत्ता मात्र लांबच राहा, बाळा. आत्ता तू जिना चढून आलीस आणि आई म्हणालीस, तर मी तुला जा म्हणू शकणार नाही.

तुझीच,
आई