टोपीवाल्या शेठचा हेवा

१४ सप्टें., रवि.
दुपारी औरंगपुऱ्यातलं दुकान बंद करून लवकर उस्मानपुऱ्यात घरी. सुनीता टीव्हीसमोर मांडी घालून. तिचा भाऊ पुण्याला जाताना गेमची मशीन आमच्याकडे टाकून गेला, तेव्हापासून हेच. ऑफिसातून आली की तासभर. गेममध्ये ती एक गोरा व्यापारी असते. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा. तिरकी टोपी, कापडाची वखार, दोन जहाजं. पुढं म्हणे क्रांतिकारक होतो. जेवायला वाढ म्हणालो. "थांबा, याचं जहाज बंदरात अडकलंय." माझा मालाचा टेम्पो दोन दिवस नगर नाक्यावर अडकला होता, तेव्हा हिनं विचारलंसुद्धा नव्हतं.

१५ सप्टें.
ताटावरही तो गेममधला टोपीवाला शेठच. त्याचं कापड कुठून येतं, कुणाला जातं, हिला पाठ. माझं अस्तर कुठून येतं, विचारून बघितलं. "सुरत ना?" इचलकरंजी. लग्नाला अकरा वर्षं. चित्रातल्या माणसावर जळणारा नवरा अख्ख्या औरंगपुऱ्यात मी एकटाच असेन. पण जळतो, हे खरं.

१८ सप्टें.
मंडळाचे अध्यक्ष मोतीशेठ, त्यांच्या दुकानात व्यापारी मंडळाची बैठक. दसऱ्याच्या आधी रस्त्यावर बसणाऱ्यांना उठवा, असा मनपाला अर्ज. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मीच. पहिली सहीही माझी. माझ्या मॅचिंगच्या दुकानापुढं कौसाबाई बसते, ताडपत्रीवर पिना, रिबनी, बक्कलं. बायका तिच्यापाशी वाकतात आणि तिथूनच परत फिरतात. माझी पायरी चढतच नाहीत. अर्ज बरोबरच आहे.

२१ सप्टें., रवि.
गेममध्ये शेठपुढं कागद आला. गव्हर्नरशी एकनिष्ठ राहीन म्हणून सही करायची, नाहीतर वखार जप्त. सु.नं गेम थांबवून पहिल्यांदाच मला विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" बरं वाटलं. खरं तेच सांगितलं. सही केली असती, वखार राहिली तर सगळं. "व्हय, तुम्ही केली असती." टोमणा नव्हता, साधंच म्हणाली. म्हणून जास्त लागलं. मग तिनं बटण दाबलं आणि शेठनं स्वतःच्या हातानं वखार पेटवली. हिच्या डोळ्यांत पाणी. माझं दुकान जळालं तर ही आधी विम्याचं विचारील.

२२ सप्टें.
दिवसभर डोकं फिरलेलं. दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसलो. त्याला काय जातंय पेटवायला? पुन्हा गेम लावला की वखार उभी.

२४ सप्टें.
मोतीशेठकडं गेलो. माझी सही खोडा म्हणालो.
"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? अर्ज कवाच गेला."
तिथंच दुसरा अर्ज लिहिला. माझी सही मागे घेत आहे, कौसाबाईची माझ्या दुकानाला अडचण नाही. मनपात देऊन पोच आणली. कणव वगैरे काही नव्हती, इथं तरी खोटं लिहू नये. सारा वेळ डोळ्यांपुढं ती तिरकी टोपी. सु.ला सांगताना चेहरा कसा ठेवायचा, याची रिक्षात तालीम केली. घरी पोचलो, तोंड उघडलं, तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "एक मिनिट हं." मग नाहीच सांगितलं.

२६ सप्टें.
सही मागे घेतल्याचं बाजारभर झालंय, गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नाही. संध्याकाळी सुनीता दुकानात आली. किती वर्षांनी. आधी कौसाबाईनंच तिला गाठलं. "ताई, तुमच्या मालकानं माझ्यासाठी कागद देला. लई मोठं मन." दोघी कितीतरी वेळ बोलत उभ्या. मग ही वर आली, स्टुलावर बसली.
"का केलंत?"
म्हणालो, "बाईच्या पोटाचा प्रश्न आहे." किती सहज निघालं तोंडातून. ती माझ्याकडं बघत राहिली. आमच्या लग्नातसुद्धा अशी बघितली नव्हती.

२७ सप्टें.
काल गेम लावला नाही, आजही नाही. मी खूश असायला हवं. भावाला फोनवर सांगत होती, "आमचे हे बोलत नाहीत रे, करून मोकळे होतात." आतल्या खोलीत ऐकत बसलो. असला नवरा असेल तर कुणालाही आवडेल. आता त्याच्यावरच जळतोय. टोपीवाला परवडला, तो निदान टीव्हीत होता.

२८ सप्टें., रवि.
सकाळी मोतीशेठ घरी. "उद्या अकराला रस्त्यावरच्यांना उठवायला मनपाची गाडी येतीय. मधी पडू नका. तुमची पायरीबी दोन फूट रस्त्यात हाय, ध्यानात ठिवा." चहा न घेता गेला.

सु.ला सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ द्या, कशाला वाकडं घेता. म्हणाली, "मी रजा टाकते. दुकानात येते." नको म्हणालो, सणाची गर्दी असते. "नाय, मला बघायचंय."

आत्ता माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करतेय. उद्या मी काय करणार, हे तिला पक्कं माहीत आहे. मला नाही.