शेजारणीच्या कुंपणावरची लाल फळं

हाइडेकांप, ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार

आदरणीय आल्विने वन्सं,

तुमच्या भावजयीचा, ओटिलीचा, नमस्कार पोचावा. गुडघा कसा आहे? कोबीची पानं लाटून बांधत जा, उतार पडतो. (नंतर ती चुलीजवळ ठेवू नका. तुमच्या बंधूंनी, क्लेमेन्सनी, एकदा सूपच्या पातेल्यात टाकली होती.) इकडे क्लेमेन्स जेवतात, घोरतात आणि हवेला नावं ठेवतात, म्हणजे प्रकृती उत्तम. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाचा, लागेल. बटाटे काढायच्या दिवसांत मी शाळेत जात नसे, आणि आमच्याकडे ते दिवस फार लांबायचे.

तर या शनिवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. पन्नासाव्याला दारावर हिरव्या पानाफुलांचं कडं हवं, आणि ते घरच्यांनी करायचं नसतं, पहिल्या शेजाऱ्यानं, म्हणजे अगदी लगतच्या घरानं, करायचं असतं. आमची पहिली शेजारीण कोण, तर टेक्ला! तिच्याशी माझा चार वर्षं अबोला. म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या दफनानंतरच्या कॉफीला ती सगळ्यांदेखत म्हणाली, की ओटिलीचा लोण्याचा केक घशाखाली उतरवायला किटलीभर कॉफी लागते. (लागली होती, पण म्हणून बोलायचं?) म्हणजे शनिवारी सारा गाव येणार आणि माझं दार बोडकं! झोप उडाली हो माझी. त्यात दोन आठवडे बघते, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या सायकली दुपारी टेक्लाच्या कोठाराशी. मी मनात म्हटलं, मला वगळून मजा चाललीय.

शेवटी ठरवलं, आपलं कडं आपणच करायचं. कोणी विचारलंच तर म्हणायचं, पानगळीचं साधं कडं आहे, सगळ्यांच्या दारावर असतं तसं. वाळुंजाच्या फांद्या भिजवून गोल वळवला, त्यावर शेवाळ गुंडाळलं, ओकची पिवळी पानं, बीचची तांबडी पानं बारीक तारेनं बांधली. गोल जरा लांबट झाला, बदकाच्या अंड्यासारखा, पण असू दे. लाल रंग मात्र कुठेच नव्हता. रानगुलाबाची लाल फळं फक्त टेक्लाच्या कुंपणावर. फांदी रस्त्यावर आलेली, म्हणजे ती रस्त्याचीच, अशी मनाची समजूत घालून काल सकाळी टोपली नि कात्री घेऊन गेले. तिसऱ्या फांदीला पदराएवढा एप्रन काट्यांत असा अडकला, की पुढे जाता येईना, मागे येता येईना.

तेवढ्यात टेक्ला आली. चार वर्षांनी तोंड उघडलं ते काय म्हणून, तर, “तिरकी काप गं. झुडूप मारशील माझं!” मी म्हटलं, साधं पानगळीचं कडं करतेय. तिनं टोपलीत डोकावून बघितलं. “साध्या कड्याला सोनेरी रंगवलेले अक्रोड?” (ते झाकायचे राहिले होते.) मग कमरेवर हात ठेवून अशी कडाडली, “स्वतःच्या दारावर स्वतः कडं लावणार? मी काय मेले होते?” आणि मला काट्यांतून सोडवून, मनगट धरून, थेट कोठारात नेलं.

वन्सं, काय सांगू! सात बायका मांडीवर देवदाराच्या फांद्या घेऊन बसलेल्या, आणि सोनेरी कागदाचे गुलाब, तीनशे तरी असतील. मला बघताच सगळ्यांची तारांबळ. एक तर घाईनं गुलाबांवरच बसली. टेक्ला म्हणाली, “शनिवारच्या आधी हिला इथे आणायचं नाही हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. ओटिली, तू काही पाहिलं नाहीस.” मी म्हटलं, काही नाही पाहिलं. मग मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तसंच कॉफी-केक दिला. केक तिचाच. माझ्यापेक्षा चांगला होता, पण हे तुमच्या-माझ्यात. माझं लांबट कडं तिला बघवेना, तिनं सोडून पुन्हा बांधलं. ते आता बकऱ्यांच्या गोठ्यावर आहे, आणि बकऱ्या खूश आहेत. मी तर सकाळपासून उगाच हसतेय.

शनिवारी दहाच्या बसनं या. सोबत लोकरीचे मोजे आणा, चर्च गारठलंय.

तुमची,
ओटिली

ता. क. तुमच्याकडे आमच्या लग्नाचा फोटो आहे, मागे तारीख लिहिलेला. तो मुळीच आणू नका. आम्ही वर्ष धरतो ते तांबड्या गाईला जुळी वासरं झाली तेव्हापासून. आज क्लेमेन्सना आठवलं, की तिला लागोपाठ दोन वर्षं जुळी झाली होती. आमचं लग्न पहिल्या नाही, दुसऱ्या जुळ्यांच्या वर्षातलं. कोणी विचारलं तर तुम्ही करवली होतात, पन्नास म्हणून छातीठोक सांगा.

आणखी ता. क. तुमचे बंधू म्हणतात, खोटं नको, वर्षभर थांबू. मी म्हटलं, एकोणपन्नास वर्षं तुमचं ऐकलं. पन्नासावं माझं.