तुझे सोमवार आता माझ्याकडे

नेरूळ,
सोमवार, १० फेब्रुवारी १९९७

प्रिय मंगल,

सकाळी उरणहून तुझी बहीण शकू आली. तिला घेऊन तुझ्याच डॉक्टरांकडे गेलो. दुपारी तिला परतीच्या एस.टी.त बसवलं आणि घरी आलो. दिवस एवढाच. पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहितोय.

शकूलाही तेच निघालंय गं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. घाबरू नकोस, लवकर कळलंय, ऑपरेशन होण्यासारखं आहे. पण साखर तुझ्यासारखीच, चढलेली.

तुझं ऑपरेशन तर चांगलं झालं होतं. गाठ पूर्ण निघाली म्हणून मी वॉर्डातल्या सगळ्यांना चहा पाजला होता! मग जखम का भरली नाही? आत पू का झाला? डॉक्टर म्हणाले होते, साखर चढलेली असली की जखम लवकर भरत नाही, जंतूंना मात्र फावतं.

आणि तुझे ते सोमवार! ऑपरेशन नीट व्हावं म्हणून तू शंकराला नवस बोललीस. "पोटात काही गेलंच नाही, तर साखर चढेल कुठून?" हे तुझं गणित. आणि ताटात काय? साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर केळी. गोळी जेवणानंतरची, जेवण नाही, म्हणून गोळीही नाही! मी म्हटलं, एकदा डॉक्टरांना विचारू. तू म्हणालीस, "देवाच्या कामात डॉक्टर कशाला? तुम्ही आपली रबाळ्याच्या कारखान्यातली हजेरी बघा." आणि खिचडीचा घास माझ्याच तोंडात घातलास. संपलं माझं बोलणं.

कशी गं एवढी हट्टी तू?

तू गेल्यावर तुझे राहिलेले सोमवार शकूने उचलले. मला आजच कळलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मावशी, उपास तुमचा आणि चंगळ साखरेची!" मग गंभीर झाले. आधी साखर आटोक्यात आणू, मग लगेच ऑपरेशन. रोज गोळी, वेळेवर जेवण, चालणं.

बाहेर बाकावर शकू रडायला लागली. "दाजी, आक्काचा नेम मी मोडू व्हय? पाप लागंल मला."

मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तरी बोललो. "मोडू नकोस. मला दे."

"तुमाला? आवो, चतुर्थी कधी येती ते तरी ठावं हाय का तुमाला?"

"सोमवार तर कळतो ना?"

रडता रडता हसली. अगदी तुझ्यासारखी, पदर तोंडावर धरून. मग कँटीनमध्ये चपाती-भाजी खाल्ली आणि माझ्यासमोर गोळी घेतली.

मी आजपासूनच सुरू केलंय. मला साखर नाही, तेही डॉक्टरांना विचारून घेतलं. देवाचं मला फारसं कळत नाही. पण शकू वाचायला हवी. तिची जखम भरेपर्यंत माझा एकही सोमवार चुकणार नाही, आणि तिची एकही गोळी मी चुकू देणार नाही. शब्द देतो तुला.

दिवेलागण झाली. वरणभाताचा कुकर लावलाय. शिट्टी झाली बघ. उठतो. पान वाढून घेतो आणि उपास सोडतो.

तुझा,
वसंत