वखारीतला आरा

४ फेब्रुवारी

आज घरोघरी तब्येती विचारत फिरलो. शिंपीणबाईंची कंबर, म्हाताऱ्या पोस्टमनचे डोळे, कोपऱ्यावरच्या घरातलं तान्हं बाळ – त्याचा ताप उतरलाय. आधी तब्येत, मग जमीन, मग शांतता. तेल शोधणाऱ्यांच्या सर्व्हेत माझं कामच ते. जमिनीत बार उडवायचा आणि खालच्या खडकांवरून परतणारा आवाज ओळीने खोवलेल्या जिओफोननी ऐकायचा. वर कुणी पाय आपटला तरी तोच ऐकू येतो. म्हणून लोकांना विनवत हिंडायचं – पंप बंद ठेवा, ट्रॅक्टर थांबवा. हे खोरं आजवर कुणी तपासलंच नव्हतं. साहेबांच्या नकाशावर कोरी जागा. म्हणून घाईही फार.

शेवटी धाकट्याच्या लाकडाच्या वखारीत गेलो. जिओफोनची लाइन नेमकी तिच्यामागूनच जाते. सख्ख्या भावाकडे मागताना जीभ जड होते.

‘तब्येत बरी आहे ना?’
‘माझी बरी आहे, दादा. तू मुद्द्यावर ये.’

आठवडाभर आरा बंद ठेवायचा! त्याच्याकडे नव्या इस्पितळाच्या दाराच्या चौकटींचं काम आहे, महिनाअखेरीला द्यायचंय. थोडा वेळ भुशात पायाने रेघा मारत बसला. मग म्हणाला, ‘तू सांगतोस म्हणून. तुझा साहेब आला असता ना, तर फळीनेच हाणला असता.’

५ फेब्रुवारी

आरा बंद. वखार इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

११ फेब्रुवारी

वखारीजवळचे बार झाले. भावजयीने सगळ्या गड्यांना चहा पाजला. संध्याकाळी आरा सुरू झाला तेव्हा जिवात जीव आला.

१३ फेब्रुवारी

सगळं मुसळ केरात. रेकॉर्डिंगच्या गाडीतल्या इंजिनियरने पडद्यावर दाखवलं – बाकी लाइनवर खडकांच्या ठसठशीत रेघा, वखारीमागे नुसता धुरळा. कारण काय, तर भुसा! वर्षानुवर्षं पडलेला, वर माती बसून गवत उगवलेला. आमच्या लोकांनी जिओफोनचे खिळे त्यातच खोवले. मऊ लागलं, पटापट उरकलं. खरी जमीन राहिली खालीच. गादीला कान लावून तळघरातलं बोलणं ऐकायचा प्रकार.

साहेब म्हणाला, ‘परत करू. तुमचाच भाऊ आहे ना, सांगा त्याला.’ जणू शेजारून वाटीभर साखरच आणायची आहे.

१४ फेब्रुवारी

मी जायच्या आधी बातमी पोचली होती. धाकट्याने फाटकातच गाठलं.

‘पुन्हा आरा थांबवला तर काम जाईल, दादा. इस्पितळवाल्यांनी दुसरा सुतार हेरून ठेवलाय. तुझ्या माणसांना साधा खिळा खोवता येत नाही, आणि पाताळातलं तेल काढायला निघालेत.’

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

‘या वेळी तू मागू नकोस. तू मागितलंस तर मला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.’

चहाला आत बोलावलं नाही.

१५ फेब्रुवारी

नाही मागितलं. साहेबाच्या तंबूत जाऊन सांगितलं, आजपासून मी काम सोडलं. माझ्या भावाच्या पोटावर मलाच पाय द्यायला लावू नका. साहेब रागावलासुद्धा नाही. हात मिळवला, बरं म्हणाला. इतक्या वर्षांचं उन्हातान्हातलं हिंडणं – एका ‘बरं’मध्ये आटोपलं.

घरी ही म्हणाली, ‘आता माझ्या गुडघ्याला तेल चोळत बसा. तेवढंच सापडलं तुम्हाला.’

धाकट्याला कळवलं नाही. उपकार ऐकवायला गेल्यासारखं दिसतं.

१७ फेब्रुवारी

सकाळपासून कान वखारीकडे. आऱ्याचा आवाज नाही. पातं तुटलं असेल. जाऊन बघावंसं वाटतं, पण त्या दिवशीचं फाटक डोळ्यांपुढे येतं. कंपनीचं तोंड बघायची इच्छा नाही आणि भावाला दाखवायला माझं तोंड नाही. छान झालं म्हातारपण.

२० फेब्रुवारी

भावजय आली होती. पातं तुटलेलं नाही. धाकट्याने आरा आपणहून बंद ठेवलाय, चौकटींचं काम गेलं. ‘तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणाले होते. पण मला राहवेना.’ सोळा तारखेला साहेब स्वतः वखारीत आला होता. म्हणाला, लाइनचा एवढा तुकडा राहिला तर तुमच्या दादांची नोकरी जाईल.

सोळा तारखेला. मी पंधरालाच सोडली होती.