सहा तासांवरचं नैरोबी

नैरोबी, २१ जून १९८२

ती. ताईस,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

सातवा लागला. पाय सुजतात, बाकी ठीक. सासूबाई नाहीत, आपली आई तर कधीच गेली. बाळंतपणाला तूच हवीस. विलासने विमान कंपनीत विचारलं. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर, पण जेमतेम सहा तास! कोल्हापूरला जाताना तू एसटीत रात्रभर कंबर मोडून घ्यायचीस, त्याहून हे सोपं. बाबांचं थोडे दिवस दादाला बघू दे की.

तुझ्या मायेला आसुसलेली,
नंदू

वाशी, ४ जुलै १९८२

चि. सौ. नंदूस अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा तास वाचून हसू आलं. बाबांना पक्षाघात झाल्यापासून मी सेक्टरच्या बाजारापलीकडे गेलेले नाही. त्यांना वाचा नाही, पण मी दाराची कडी काढली की डाव्या हाताने पलंग वाजवत राहतात. माझी शाळेतली नोकरी सुटली, मैत्रिणी खाडीपलीकडे राहिल्या. खिडकीतून अर्धवट इमारती आणि चिखल दिसतो. कधी वाटतं, अंथरुणाला मीच खिळले आहे.

तरी काल जयप्रकाशदादाला स्पष्ट सांगितलं. वहिनी कुरकुरली, पण ऑगस्टमध्ये बाबांना डोंबिवलीला न्यायला तो तयार झाला. चार तारखेचं तिकीट काढा. मेथीचे लाडू आणते. नाक मुरडलंस तरी खावे लागतील.

जिवाला जप, आम्हांला आठवत जा.
ताई

वाशी, ५ ऑगस्ट १९८२

चि. नंदूस आशीर्वाद.

नैरोबीत बंड झालं, विमानतळ बंद, एवढंच रेडिओवर कळतं. पोस्टात ट्रंक कॉलसाठी दोन दिवस बसले, लागत नाही. दादाने बाबांना नेलं. बॅग भरून दाराशी आहे. आज मला अडवणारं घरात कोणी नाही, आणि जायला वाटच नाही. एक ओळ तरी पाठव गं.

तुझी ताई

नैरोबी, ९ ऑगस्ट १९८२

ती. ताईस सा. न.

आम्ही दोघं जिवंत आहोत. एक तारखेला, रविवारी पहाटे गोळीबार सुरू झाला, आपल्या लोकांची घरं-दुकानं लुटली. शेजारच्या खदीजाभाभी, मूळच्या उरणच्या, त्यांनी आम्हांला आपल्या कोठीच्या खोलीत लपवलं. तिथेच कळा सुरू झाल्या. इस्पितळ आमच्या गॅलरीतून दिसतं, ताई. पण संचारबंदी. विलास दोनदा गाडी काढून निघाला, दोन्ही वेळा सैनिकांनी बंदूक रोखून मागे फिरवलं. भाभींनी जमेल ते सगळं केलं. मुलगी होती. थोडा वेळ श्वास घेतला तिने.

विमानं सुरू होतील म्हणतात. पण आता तुला कोणत्या तोंडाने ये म्हणू? मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही.

नंदू

वाशी, १९ ऑगस्ट १९८२

चि. नंदूस पोटाशी धरून आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी दादा बाबांना परत घेऊन आला. वहिनीला झेपत नाही म्हणाला. पत्र वाचून हळहळला, मग म्हणाला, वैजू, आता मूलच नाही, तर तू जाऊन काय करणार? मी म्हटलं, म्हणूनच जायचं. त्याच्या हातात औषधं दिली आणि सांगितलं, रजा काढून इथेच राहा, बाबा तुझेही आहेत. शेवटी तो कपडे आणायला डोंबिवलीला गेला.

बाबांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. बोटं एकेक करून सोडवावी लागली. हे मला जन्मभर छळेल. तरी मी निघते आहे.

शनिवारी पोचते. पत्र माझ्या मागून येईल, म्हणून तारही करते. विमानतळावर विलासला एकट्याला पाठवू नकोस. तू ये.

तुझी ताई