धोंडुबाईंची भिंत खरवडू नये

मी, गणपतराव लक्ष्मण माजगावकर, वय एकोणसाठ, धंदा पेंटर, राहणार शनिवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला छातीचा दाखला लागत नाही असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. घाई मात्र आहे. सोमवारपासून भिंत खरवडायला घेणार आहेत आणि मला अंथरुणातून उठवत नाही. ज्यांना मिळकतीत रस असेल त्यांनी क्रमाने वाचावे. ज्यांना माझी थोडी तरी दया येत असेल त्यांनी पाचवे कलम आधी वाचावे. जेथे खाडाखोड आहे तेथे मी आद्याक्षरे घातली आहेत.

कलम १. शनिवार पेठेतील दोन खोल्या, पुढची पडवी आणि मागची मोरी ही माझ्या कष्टाची मिळकत माझी एकुलती मुलगी सौ. तानाबाई, राहणार गारगोटी, हिला द्यावी. जावई भला माणूस आहे, तरी घर तानीच्याच नावावर राहील. माझा चुलतभाऊ आत्माराम पडवीवर हक्क सांगायला येईल. पडवीची कौले बदलताना तो शिडी धरायलासुद्धा आला नव्हता, एवढे त्याला चारचौघांत सांगावे. तरीही गेला नाही तर चहा पाजून घालवावा.

कलम २. पोस्टात जे काही असेल ते तानीच्या बाळंतपणासाठी. माझ्या दिवसांना जेवणावळ घालू नये. शेजारच्या बाळाबाई गेले महिनाभर मला पेज आणून देतात आणि वर बोलूनही घेतात, त्यांना माझा पितळी बंब द्यावा.

कलम ३. परांचीचे बांबू, दोर आणि शिडी जोतीराम यास. त्याने आयुष्यभर खाली उभे राहून माझी परांची सांभाळली आणि मला एकदाही पडू दिले नाही.

कलम ४. माझे ब्रश. हे कोणाला द्यायचे ते नाव पुढे लिहीन. आत्ता लिहायला हात धजत नाही.

कलम ५. भिंत. ही भिंत माझी नाही. ती धोंडुबाईंच्या घराची, रस्त्याकडची. दुसऱ्याची भिंत मृत्युपत्रात कशी घालता म्हणून वकील हसले. हसू देत. त्यांच्या घरी बायकोचे फोटो असतील.

सन १९६४ साली त्या भिंतीवर एका मोटारीची जाहिरात रंगवायची होती. मुंबईहून नमुना आला. एका बाजूला विलायती मोटार, राजेरजवाड्यांकडे असते तशी. दुसऱ्या बाजूला आपली साधी मोटार, एखाद्या डॉक्टर-वकिलाला झेपणारी. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि बघणाऱ्याला वाटले पाहिजे की फरक काहीच नाही. मजकूर मी रचला, 'थोरलीचा थाट, धाकटीच्या दरात'. मोटार कंपनीचा एजंट खूश झाला. काम मोठे होते म्हणून मी आणि माझा जोडीदार निसार मुजावर, दोघांनी वाटून घेतले. डावीकडची धाकटी माझी, उजवीकडची थोरली त्याची.

एजंटाचे म्हणणे होते की दोन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत. आता कोल्हापुरात दोन माणसांना एका भिंतीवर सोडायचे आणि बरोबरीत सोडवा म्हणायचे, हे मुंबईच्या माणसालाच सुचावे. दुसऱ्या दिवसापासून भिंतीचा आखाडा झाला. त्याने थोरलीच्या बंपरला चमक आणली की मी धाकटीच्या दाराला आणायचो. माणसे संध्याकाळी दूध प्यायला निघायची ती आधी भिंतीसमोर थांबायची. निम्मी निसारच्या बाजूची, निम्मी माझ्या. "आण्णा, हाणा की! थोरली वर चढली बघा!" असा ओरडा चालायचा. मोटार घ्यायला कोणी दुकानात गेले नाही. जो तो निकाल बघायला यायचा.

दोन्ही मोटारींत मागे एक राणीसारखी बाई बसलेली हवी होती, आणि दोन्हीकडे तीच. मी माझी पत्नी अंबूबाई हिला स्टुलावर बसवले. ती अवघडली. मी अवघडलेलीच काढली. निसारपुढे ती बसली नाही, पण रोज दुपारी आम्हा दोघांची भाकरी घेऊन यायची आणि खालून हाक मारायची, "दोन दोन मोटारीत बसवलंयसा, उतरवणार कवा? भाकरी गार व्हायल्या की!" निसारने तिला त्यावरून काढले.

त्याची अंबू मोटारीच्या खिडकीतून धाकटीच्या दिशेला बघते आहे आणि हसते आहे. एजंट तर नाचायचा बाकी राहिला. थोरलीत बसलेली राणी धाकटीकडे बघते, याहून मोठी जाहिरात कोणती, म्हणाला.

चार वर्षांनी अंबू काविळीने गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. फोटो काढूया म्हणाली की मी म्हणायचो, पेंटरच्या बायकोला फोटो कशाला, मी काढीन तुला निवांत. निवांतपणा कधी आलाच नाही. एजंट गाव सोडून गेला, पण भिंत राहिली. तानी तेव्हा नऊ वर्षांची. अजूनही गारगोटीच्या गाडीतून उतरली की ती आधी भिंतीपाशी जाते आणि मग घरी येते. परवा मला म्हणाली, "आबा, मला आईचा चेहरा आता भिंतीवरनंच आठवतोय. बाळाला काय दाखवू मी?" मी कूस बदलली.

आता एका स्कूटरच्या दुकानाने ती भिंत घेतली आहे. जुना रंग खरवडून नवी जाहिरात करायची, असे ठरले आहे. काम निसारला मिळाले आहे. निसारचे आणि माझे तेरा वर्षे बोलणे नाही. भांडण झालेले नाही. झाले असते तर मिटले असते.

म्हणून माझी विनंती, नव्हे, हात जोडून मागणे, की भिंतीची डावी बाजू, म्हणजे माझी धाकटी, खरवडू नये. (येथे 'डावी' खोडून 'उजवी' केले आहे. ग. ल. मा.)

खोडले ते विचार करून खोडले. माझ्या मोटारीत बसली आहे ती साडी नेसवलेली बाहुली आहे. अंबू निसारच्या मोटारीत आहे. ती गेल्यानंतर मी रात्रंदिवस तिचा चेहरा शोधत होतो आणि तो सापडला दुसऱ्याच्या हातचा. निसार दिसला की मला ते सहन होईना. आणि ती असे तोंडभर हसून कोणाकडे बघत होती, हे मी त्याला विचारू शकलो नाही. माझ्यासमोर ती तशी कधी हसली नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे. पण सोमवार जवळ आला आहे, लाज बाळगायला वेळ नाही.

निसार, तू हे वाचलेस तर ऐक. वरून पांढरा दे, त्यावर स्कूटर काढ, बैलगाडी काढ. चेहरा तेलरंगातला आहे. त्यावर चुना धरत नाही हे तुलाही माहीत आहे. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतील आणि ती परत दिसेल. तोवर तानीचे मूल बघायच्या वयाचे होईल. फक्त खरवडू नको रे बाबा. मी तुझ्या पाया पडतो.

कलम ४ पुढे चालू. माझे सर्व ब्रश, बारीक अक्षरांचे विलायती धरून, निसार लालासाब मुजावर यास द्यावेत.

येथवर लिहून झाले तेव्हा जोतीराम साक्षीला आला. तो एकटा आला नाही. मला न विचारता निसारला घेऊन आला. निसारची दाढी पांढरी झाली आहे. उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "काय आण्णा, मला बोलवायला मरायलाच लागतंय व्हय?"

मी कागद पुढे केला. त्याने उभ्याने सगळा वाचला. मग पेन मागितले. मी म्हणालो, "सही करू नको. साक्षीदाराला काही मिळायला नको असं वकील म्हणतात. ब्रश जातील तुझे."

"ऱ्हाऊ द्यात की ब्रश. तानीला द्या. आणा पेन हिकडं."

म्हणून कलम ४ मधील नाव खोडून तेथे सौ. तानाबाई असे वाचावे. (ग. ल. मा.) ब्रश तिने विकू नयेत.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र, वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले.

गणपतराव लक्ष्मण माजगावकर
ठिकाण: शनिवार पेठ, कोल्हापूर
शनिवार, दिनांक ७ फेब्रुवारी १९८१

साक्षीदार
१. जोतीराम बाबू चौगले, परांचीवाला
२. निसार लालासाब मुजावर, पेंटर

सहीखाली दोन शब्द लिहितो, आण्णांनी परवानगी दिली आहे. काम मी सोडणार नाही. मी सोडलं तर दुसरा कोणी येऊन खरवडेल. भिंत मी खरवडणार नाही, माझ्या पोरांनाही खरवडू देणार नाही. दुसरं असं की, वैनी त्या दिवशी धाकटीकडं बघत नव्हत्या. भाकरी घेऊन माझ्या परांचीखाली उभ्या होत्या. आण्णा तिकडं पाठमोरे बसून हेडलाइट रंगवत होते, आणि हाक मारली तरी वळत नव्हते. वैनी त्यांच्याकडं बघून हसत होत्या. मी दिसलं तसं काढलं. — नि. ला. मुजावर

वरील मजकूर वाचला. आता घाई नाही. — ग. ल. मा.