ओढ आणि सोड

४ फेब्रुवारी, सकाळी ११
धक्का सोडता सोडता भाड्याची शिडाची बोट घासली. ओरखडा वीतभर. रंग हलका वापरलेला दिसतो. मागून भाडेवाला काहीतरी ओरडत होता. मी वळलो नाही. कॅप्टनने पुढे पाहायचं असतं.
आम्ही चौघं. मी, बायको, शाळेपासूनचा मित्र डेंटिस्ट आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. पगारी खलाशी नको, हे मीच ठरवलं. पाच दिवसांचा कोर्स केलेला माणूस असताना कशाला? कोर्स तलावावर झाला होता, हे बायकोने सगळ्यांना सांगितलं. पाणी ते पाणी.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
संकल्प : सगळे हुकूम मराठीत. शिडाची दोरी ताणायची तर ‘ओढ’, ढिली करायची तर ‘सोड’. सुटसुटीत. डेंटिस्टचं म्हणणं, वाऱ्यात दोन्ही सारखंच ऐकू येईल, खुणा ठरवू. मी म्हटलं, माझे हात सुकाणूवर असतात. तो हसला.
"बाबा रे, माझं खरोखरच हातावर पोट आहे. जपून."
विनोद बरा होता.

५ फेब्रुवारी
ऊन मरणाचं. वहिनींना उलट्या. क्षितिजाकडे पाहायला सांगितलं. त्यांनी पाहिलं. पुन्हा उलटी. मी नांगर तीनदा टाकला, तिन्ही वेळा घसरला. चौथ्यांदा डेंटिस्टने टाकला, लागला. जागा मीच निवडली होती. बायको आता काहीही झालं की त्यालाच विचारते. शिस्त सैल पडतेय. उद्यापासून आवाज चढा ठेवायचा.

६ फेब्रुवारी, दुपारी २
अचानक वारा चढला. बोट कलली. मी ‘सोड’ म्हणालो. स्पष्ट म्हणालो. डेंटिस्टने ओढली. दोरी ज्या लोखंडी रिळावर गुंडाळतात त्यात त्याची बोटं गेली. उजव्या हाताची दोन. तो ओरडला. मला ‘ओढ’ ऐकू आलं. सुकाणू सोडून धावलो आणि ओढली.
त्याने ‘सोड’ म्हटलं होतं म्हणे. एकंदरीत दोष उच्चाराचा.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
वहिनींनी चमच्याचा दांडा लावून बोटं बांधली. त्यांच्या उलट्या थांबल्या आहेत. बोलणंही. रेडिओवरून मदत मागू, असा बायकोचा आग्रह. मी म्हटलं, सकाळी सूज उतरेल, उगाच बोभाटा कशाला. ती म्हणाली, "बोट जाईल." मी म्हटलं, बोटीला काहीही झालेलं नाही. ती हाताच्या बोटाबद्दल बोलत होती.
डेंटिस्टशेजारी जाऊन बसलो. महिन्याभरात पुन्हा दाढा उपटशील, म्हणालो. तो हाताकडेच पाहत होता.
"टोकांना काही जाणवत नाहीये रे मला."
म्हणजे दुखायचं थांबलं. चांगली खूण आहे. बायकोला सांगितलं. ती डोळे पुसत आत गेली.

७ फेब्रुवारी, सकाळी ८
उजाडायच्या आत बायकोने मला न विचारता रेडिओ उचलला. साडेसहाला मदतीची लाँच आली. त्यांच्या नर्सने बोटांची पट्टी सोडून पाहिली. कालच का नाही बोलावलं, असं तिने विचारलं. मग विचारलं, इथे कॅप्टन कोण? कोणी बोललं नाही. मीही नाही. डेंटिस्टला धरून दोघी लाँचवर चढल्या आणि तिघं दवाखान्यात गेले. लाँचवरचा एक माणूस आमच्या बोटीवर राहिला. सुकाणू त्याच्याकडे आहे. कशाला हात लावू नका, म्हणाला. मी आत बसलो आहे.